सेरोटोनिनची गोष्ट पडली, म्हणून नैराश्यही खोटं का?

सरळसोट:
परवा 'परखड' यांनी इथे लिहिलं: "डिप्रेशन हे औषध कंपन्यांनी विकलेलं दुखणं आहे. मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी असतं हे 2022 मध्ये खोटं ठरलं. आमच्या आजीने सात बाळंतपणं काढली, दोन मुलं डोळ्यांदेखत गेली, तिला कुठे डिप्रेशन आलं? माणसाला काम हवं, माणसं हवीत, गोळ्या नकोत." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो, पण डोकं तापलं आणि लांबलं.

2022 चं आधी घेऊ. जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचे आढावे एकत्र तपासले आणि नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला सलग पुरावा मिळत नाही, असं मांडलं. मान्य. पण गोळ्यांचा उपयोग होतो की नाही, हा त्या आढाव्याचा प्रश्नच नव्हता. आजार आहे की नाही, हा तर नव्हताच.

ही समजूत आली कुठून, तेही बघा. 1950 च्या दशकात क्षयाच्या रुग्णांना आयप्रोनियाझिड हे औषध द्यायचे, ते रुग्ण भलतेच उल्हसित दिसू लागले; ते औषध मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं वाढवतं. दुसरीकडे सर्पगंधा. आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबावरचा तिचा गुण जगापुढे मांडला. तिच्यातलं रेसर्पिन घेणारे काही जण उदास होतात असं दिसलं, आणि रेसर्पिन मेंदूतली हीच रसायनं उपसून काढतं. दोन्ही जोडून अंदाज बांधला गेला: रसायन कमी म्हणजे उदासी. म्हणजे औषधावरून उलटं आजाराकडे गेले. क्रोसीनने ताप उतरला म्हणून अंगात क्रोसीन कमी पडलं होतं असं कोणी म्हणतं का? शिवाय गोळीचा रसायनावरचा परिणाम काही तासांत सुरू होतो, मन उचल खायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. गोष्ट पहिल्यापासून लंगडीच होती.

पण म्हणून शरीराचा संबंधच नाही? थायरॉइड मंदावला की माणूस खचतो, बी12 उतरलं की खचतो. जुळ्यांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण 37 टक्के निघतो. उरलेला परिस्थितीचा, तोही मोठाच आहे.

आता घरचं. माझ्या धाकट्या भावाला नोकरी होती, स्वतःचं घर होतं, कर्ज नव्हतं, माणसंही होती. तो बेसिनसमोर ब्रश हातात घेऊन उभा राहायचा आणि नळ तसाच वाहत राहायचा. टाकी रिकामी झाली की आम्हाला कळायचं. काकांनी सूर्यनमस्कार सांगितले, आत्याने शनीचं सांगितलं. डॉक्टरांनी आधी थायरॉइड तपासलं, ते ठीक निघालं, मग गोळी आणि जोडीला समुपदेशन. पुढे एकदा तो स्वतःहून म्हणाला, "चहात साखर कमी आहे." आई ओट्याशी उभी राहून रडली. परखड, त्याला कुठली कंपनी आजार विकायला आली होती?

परखड:
निबंधाबद्दल आभार. म्हणजे गोष्ट लंगडी हे कबूल. मग इतकी वर्षं दवाखान्यात मेंदूचं रंगीत चित्र दाखवून 'केमिकल इम्बॅलन्स' कोण सांगत होतं? मी का? माझ्या मेहुणीला पाच मिनिटांत तीन गोळ्या लिहून दिल्या. घरात काय चाललंय, नवरा कसा आहे, एक प्रश्न नाही. गोळ्या सुटल्यावर डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं व्हायचं. तुमच्या भावाला चांगला डॉक्टर मिळाला, नशीब काढलंत.

म्हापशेकार:
दोघेही वरवर भांडताय. आमच्या गोव्यातला अभ्यास आहे, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा, 2002 चा. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आयांना नैराश्य होतं. धोका कुणाला जास्त? जिची ओढगस्त आहे, जिचं नवऱ्याशी पटत नाही, आणि जिला मुलगी झाली तिला. बाळंतपणात हार्मोन तर सगळ्यांचेच खाली येतात! सासू बाळाकडे ढुंकून बघत नाही, यावर कुठली गोळी देणार? पुढे इथल्याच संगत संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठका घडवल्या. ते डॉक्टर नव्हते. 2017 मध्ये निष्कर्ष छापून आले, तीव्र नैराश्याच्या रुग्णांना त्याचा फायदा झाला होता.

वऱ्हाडी ठेचा:
राजेहो, तुमी सेरोटोनिनवर भांडून राहिले. यवतमाळच्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे, त्याईनं 19 मार्च 1986 ले बायको-लेकरांसगट जीव देला. त्याईचं काय सेरोटोनिन कमी होतं? आमच्याकडं भाव मागितला का समुपदेशक पाठवते. कापसाले भाव द्या ना, मंग पाहू कोन उदास रायते.

सरळसोट:
भाव मिळालाच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण त्याच गावात, त्याच कर्जात, त्याच दुष्काळात शेजारचा तग धरतो आणि हा धरत नाही, असं का?

वऱ्हाडी ठेचा:
म्हंजे मेला त्याचीच चूक! वा रे वा. बसा एसीत अन् काढा लोकाईचे दोष.

सरळसोट:
चूक कोण म्हणालं? जो आधीच आतून खचलाय त्याला तेच कर्ज दुप्पट जड जातं, त्याच्याकडे आधी पोचा, एवढंच म्हणतोय. आणि एसी नाही माझ्याकडे.

जुनं ते सोनं:
मूळ मुद्दा आजीचा होता. त्या पिढीकडे जात्यावरच्या ओव्या होत्या. पहाटे दळताना बायका सगळं ओवीत घालून मोकळ्या व्हायच्या. आता तासाला दीड हजार मोजून तेच करतात, त्याला थेरपी म्हणायचं.

माजघर:
तुम्ही कधी जातं ओढलंय का हो? ओढून बघा पायलीभर, मग मोकळं होणं कळेल. माझ्या आजीच्या अंगात यायचं, दर मंगळवारी. केस सोडून घुमायची आणि तेवढ्या वेळात नवऱ्याला "ए" म्हणायची. एरवी पायात चप्पल घालून त्याच्यासमोरून गेली नाही. सासू पाया पडून विचारायची, "आई, काय हवं?" ती दर वेळी एकच मागायची, माहेरची साडी. बाकीचे सहा दिवस छातीत कळ, डोकं गच्च, अन्नावर वासना नाही. वैद्याने वात सांगितला. तिला डिप्रेशन नव्हतं म्हणणारे कोण? तिला विचारलं होतंत?

जुनं ते सोनं:
अपवाद असतात. तरी ओवीची ताकद नाकारू नका. दोघी समोरासमोर बसून दळायच्या, सुखदुःख वाटून घ्यायच्या.

कोपऱ्यातला:
मानसशास्त्र शिकवतो म्हणून राहवत नाही. ब्राउन आणि हॅरिस यांनी 1978 मध्ये लंडनच्या कॅम्बरवेलमधल्या बायकांवर पुस्तक लिहिलं. मोठा आघात झाला तरी सगळ्या कोलमडत नाहीत. जिला विश्वासाने बोलायला जवळचं माणूस नाही, घरात चौदाच्या आतली तीन किंवा जास्त पोरं, बाहेर काम नाही, अकराच्या आत आई गेलेली, ती जास्त कोलमडते. दळायला जोडीदारीण होती हे म्हणून महत्त्वाचं.

परखड:
म्हणजे फिरून माझ्याच वाक्यावर आलात, काम हवं, माणसं हवीत. लंडनहून छापून आलं की पटतं. छान.

माजघर:
जोडीदारीण म्हणजे धाकटी जाऊ. ऐकलेलं सगळं ती दुपारपर्यंत सासूच्या कानावर घालायची. माणसं हवीत म्हणे! चौदा माणसं होती घरात.

परखड:
बरं, चौदा माणसं पण कामाची नव्हेत. लिहून घेतो.

चिल्लरखुर्दा:
मध्ये बोलतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की विमा शारीरिक आजारासारखाच मानसिक आजाराला द्या. माझ्या बायकोचा क्लेम "पूर्वीपासूनचा आजार" म्हणून परत आला. जैविक की सामाजिक ते तुम्ही ठरवा, बिल मी भरलं.

कोपऱ्यातला:
परखड, एक विचारू? मेहुणीच्या गोळ्या एकदम बंद केल्या होत्या का? झटके बहुधा त्यानेच. मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते.

परखड:
मेहुण्याने केल्या. डॉक्टर फोन उचलत नव्हता. आता घ्या त्याची बाजू.

कोपऱ्यातला:
त्याची बाजू घेण्यासारखी नाहीच. तिला दुसऱ्या डॉक्टरकडे न्या, आणि या वेळी पाच मिनिटांत उठू नका, नवऱ्याचं आधी सांगा. रात्री-अपरात्री अडलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

परखड:
नंबर घेतला. मत तेच आहे.

वऱ्हाडी ठेचा:
अन् कापसाचा भाव?