जाम झालेला बॅटरीचा नट: ठोकू नका

इन्व्हर्टरच्या बॅटरीचा जाम नट हातोडीने ठोकून सैल करायचा सल्ला काही जण देतात. कृपया तसं करू नका. टर्मिनल शिशाचं, मऊ असतं; ठोक्यांनी ते मुळातून हलतं आणि तिथूनच ॲसिड झिरपायला लागतं. ज्योतीने तापवणं तर नकोच, बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो.

इन्व्हर्टर बंद करून प्लग काढा. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून नटावर साचलेल्या थरावर ओता, पण झाकणं घट्ट हवीत, सोडा आत जाता कामा नये. मग डब्ल्यूडी-४० (जाम नट सैल करणारा स्प्रे) मारून अर्धा तास थांबा. घाई इथेच नडते. एका पान्याने बोल्टचं डोकं धरा, दुसऱ्याने नट आधी किंचित आवळा, मग सोडवा. निगेटिव्ह टर्मिनलचा नट आधी. पान्याला मी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळतो, चुकून दोन्ही टर्मिनलना टेकला तरी ठिणगी उडत नाही.