पिल्लांच्या पहिल्या दहा दिवसांच्या खाद्यात एमबीएम टाकावं का?

चांदवडचा पोल्ट्रीवाला:
नमस्कार मंडळी. 3000 पक्ष्यांचं शेड आहे, कंपनीचा करार नाही. घरचा ग्राइंडर-मिक्सर आहे. मका गावातच मिळतो, सोया डीओसी (तेल काढलेली पेंड) लातूरहून येते. आता एक व्यापारी एमबीएम, म्हणजे मांस-हाडांची पूड, घेऊन आलाय. 50 टक्के प्रोटीन म्हणतो, डीओसीपेक्षा किलोमागे 10 रुपये स्वस्त. पहिल्या दिवसापासून 5 टक्के टाका म्हणतो. प्री-स्टार्टर, म्हणजे पहिल्या दहा दिवसांचं खाद्यच सगळ्यात महाग पडतं, तेव्हा तिथेच वाचवावं असं डोक्यात आहे. डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर) आणि चुनखडी नेहमीएवढीच ठेवायची ना? दोन गाईंचा भरडाही याच मिक्सरवर होतो, त्याची काही अडचण?

दापोलीकर:
एमबीएम नाही वापरलं, सुक्या मासळीचं सांगतो. मासळी चांगलीच, पण मीठ आणि वाळू तपासल्याशिवाय पिल्लांना घालू नका. 15 टक्के मीठ असलेली मासळी 5 टक्के घातली की खाद्यात पाऊण टक्का मीठ तिचंच झालं. पिल्लाला लागतं त्याच्या दुप्पट. पाणी पीत राहतात आणि शेडमध्ये अंथरलेलं तूस ओलंचिंब.

कोरेगावची ताई:
भाऊ, मी खाद्याचे फॉर्म्युले बसवण्याचं काम करते. आधी गाईंचं बोलते, कारण तुम्ही ते शेवटी सहज विचारलंत आणि मला तेच सगळ्यात गंभीर वाटतं. त्या मिक्सरवर एमबीएम येणार असेल तर गाईंचा भरडा दुसरीकडे करा. ब्रिटनने 1988 मध्ये गाई-गुरांच्या खाद्यात असली पूड बंद केली, तरी बंदीनंतर जन्मलेल्या हजारो गाईंना मॅड काऊ हा मेंदूचा जीवघेणा रोग झालाच, तो अशा पुडीतूनच पसरतो. कोंबड्या-डुकरांचं खाद्य त्याच गिरण्यांत बनायचं, त्यातली पूड गुरांच्या खाद्यात मिसळत राहिली. म्हणून युरोपने 2001 मध्ये सगळ्याच पाळीव जनावरांना ती बंद केली. कोंबड्यांच्या खाद्यात डुकराची पूड घालायला परवानगी मिळाली ती थेट 2021 मध्ये. आपल्याकडेही गाई-म्हशींना एमबीएम चालत नाही. झाडून घेतलेल्या मिक्सरवर माझा विश्वास नाही.

आता पिल्लांचं. एमबीएम वाईट असतं असं मी म्हणणार नाही. माल चांगला असेल तर कॅल्शियम 10 टक्के आणि फॉस्फरस 5 टक्क्यांच्या आसपास मिळतो. म्हणजे 5 टक्के घातलं की खाद्यात अर्धा टक्का कॅल्शियम आणि पाव टक्का फॉस्फरस आलाच. पिल्लाची गरज साधारण 0.95 आणि 0.48 टक्के, निम्म्याहून जास्त भागली. वर डीसीपी आणि चुनखडी तशीच ठेवलीत तर कॅल्शियम दीड टक्क्याला टेकेल. पिल्लं खाद्य कमी उचलतात, पाय अधू होतात, मूत्रपिंडावर खडूसारखं पांढरं साचून मरतुक लागते. व्यापारी हे सांगत नाही, त्याला प्रोटीनचाच आकडा पाठ असतो.

त्या प्रोटीनमध्येही हाड आणि कातडीचा वाटा मोठा असतो. त्यात ट्रिप्टोफॅन जवळजवळ नसतं, मेथिओनिनही कमी, आणि ही दोन्ही अमिनो आम्लं पिल्लाला लागतातच. पहिल्या आठवड्यात पिल्लाची पचनशक्ती अजून तयार होत असते. न पचलेलं प्रोटीन खालच्या आतड्यात जातं आणि त्यावर क्लॉस्ट्रिडियम नावाचा जंतू पोसतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून नेक्रोटिक एंटरायटिस, म्हणजे आतडं सडवणारा रोग दिसतो, तेव्हा प्री-स्टार्टरची आठवण कुणालाच येत नाही.

आणि हिशोब बघा. दोन किलोचा पक्षी सव्वातीन किलोच्या आसपास खाद्य खातो, त्यातलं पहिल्या दहा दिवसांत जेमतेम 300 ग्रॅम. तुमच्या 3000 पिल्लांना 900 किलो, त्यात एमबीएम 45 किलो. किलोला 10 प्रमाणे 450 रुपये वाचले. बाराएक किलो डीसीपी वाचेल तेही धरा, दीड हजाराच्या पुढे जात नाही. उलट शेवटी प्रत्येक पक्षी 50 ग्रॅमने कमी भरला तर 150 किलो वजन गेलं. पोती फिनिशरमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्याच्या खाद्यात जातात, वाचवायचं तिथे. माझ्या फॉर्म्युल्यात पहिले दहा दिवस शून्य, नंतर 2 ते 3 टक्के, फिनिशरला फार तर 5. तेही माल तपासलेला असेल तरच.

चांदवडचा पोल्ट्रीवाला:
ताई, गाईंचं तर डोक्यातच नव्हतं. भरडा उद्यापासून गावातल्या गिरणीवर. फिनिशरसाठी माल घ्यायचा तर नुसता प्रोटीनचा रिपोर्ट पुरे ना?

कोरेगावची ताई:
नाही पुरत. ती चाचणी नायट्रोजन मोजते. युरिया, कच्ची पिसं, चामड्याचा चुरा, सगळं त्यात प्रोटीन म्हणून दिसतं. चामडं कमावताना क्रोमियम वापरतात, ते तुमच्या पक्ष्यात नको. पेप्सिन पचनीयता (प्रोटीन किती पचतं ते), कॅल्शियम-फॉस्फरस, पेरॉक्साइड (चरबी खवट झाली का ते) आणि साल्मोनेला जंतू, एवढं मागा. नमुना व्यापाऱ्याने दिलेला घेऊ नका, गाडीतल्या आठ-दहा पोत्यांतून आपल्या हाताने काढा. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुपोषण विभाग आहे, तुम्हाला लांब पडेल पण फोन करून विचारा. आणि लॉट बदलला की तपासणी पुन्हा, हाडाचं प्रमाण दर गाडीला बदलतं.

दापोलीकर:
घरी लगेच करायचं असेल तर काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चिमूटभर पूड टाका. वाळू तळाला बसते, पण हाडाचे कणही बसतात, म्हणून त्यावरून ठरवू नका; पिसांचे तुकडे मात्र वर तरंगताना दिसतात. ते दिसले तरी ती गाडी परत पाठवा.