प्लेग्रुपची फी: पावतीत काय काय हवं

प्लेग्रुपच्या फीवरून पालकांत दोन बाजू पडल्या आहेत: मूल दहा दिवसांत काढलं तर सगळे पैसे परत हवेत, आणि एकदा भरले की विसरायचे. दोन्ही टोकं चुकीची वाटतात. भांडण बहुतेक वेळा पावतीतूनच उगवतं. 'फी रु. 42,000' एवढी एकच ओळ, खाली सही. यातलं प्रवेश शुल्क किती, सत्राचं किती, अनामत किती, काहीच कळत नाही. मग संचालक सगळ्यालाच प्रवेश शुल्क म्हणतात आणि पालक सगळ्यालाच अनामत.

पैसे देण्याआधी चार आकडे वेगळे लिहून घ्या: प्रवेश शुल्क, सत्र शुल्क, साहित्य-गणवेश, अनामत. समजा 8,000, 24,000, 5,000 आणि 5,000. मूल रमलं नाही तर 8,000 सोडायची तयारी ठेवा, कारण तुमच्यासाठी जागा अडवलेली असते. अनामत मात्र पूर्ण परत यायलाच हवी. न वापरलेल्या महिन्यांचं काय, हे आधीच शाईने लिहून घ्या. तोंडी 'बघू या ताई' याला काही अर्थ नाही.

फीवर जीएसटी लावला असेल तर विचारा. पूर्वप्राथमिक शिक्षणाला तो माफ आहे. आयकराच्या जुन्या करप्रणालीत पूर्णवेळ प्लेस्कूलच्या शिक्षण शुल्काला, विमा-पीपीएफसारख्या बचतीसह 1.5 लाखाच्या एकत्रित मर्यादेत, उत्पन्नातून वजावट मिळते, पण देणगी किंवा विकास निधीला नाही. त्यासाठीही पावतीत फीची फोड हवीच.

आणि अडीच वर्षांचं मूल पहिले काही दिवस रडू शकतं. म्हणून पैसे भरण्याआधी तीन दिवस बसवून बघायची परवानगी मागा.