मदत हवी आहे: हंटिंग्टन, बाबांचं गिळणं आणि वजन

रानजाई: बाबा ५८ वर्षांचे. हंटिंग्टन (हातपाय आपोआप उडवणारा मेंदूचा आनुवंशिक आजार) आहे, जनुकीय चाचणीचा रिपोर्ट आहे, त्यामुळे निदानाची चर्चा नको. महिनाभरात वजन झपाट्याने उतरलंय. पाणी पितानाही ठसका लागतो. हातपाय कमी उडतात, पण माणूस दगडासारखा बसून राहतो. डॉक्टरांची वेळ लवकर मिळत नाही. पाणी घट्ट करायची पावडर कोणती घ्यावी, एवढंच सांगा.

पैलतीर: पावडरीआधी गोळ्या सांगा. हातपाय उडणं कमी करणारी टेट्राबेनाझिन चालू आहे का? किती? महिनाभरात काय बदललं?

गवतीचहा: पावडर कशाला? कॉर्नफ्लोअर घालून शिजवा, घरात असतंच.

कडेकपारी: कॉर्नफ्लोअर नको. लाळेतल्या अमायलेज या विकरामुळे स्टार्च तोंडातच पातळ होतो आणि नेमका गिळताना धोका होतो. झँथन गमची पावडर लाळेने पातळ होत नाही. किती दाट करायचं हे मात्र गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून ठरवून घ्या. पाणी कमी पोटात गेलं तर बद्धकोष्ठ आणि लघवीचा संसर्ग मागे लागतो, म्हणून गरजेपेक्षा दाट करू नका.

स्ट्रॉ बंद. टीव्ही बंद, जेवताना गप्पाही बंद. पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा. पहिला घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा. या आजारात घास भराभर तोंडात कोंबण्याची ओढ असते, म्हणून अख्खं ताट पुढे ठेवू नका. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका.

कोरडे पोहे, चुरमुरे, शेव नकोत. पातळ वरणात मोकळा भातही नको, कारण पाणी आधी घशात उतरतं आणि शितं मागे राहतात. आसट खिचडी, मऊ शिरा, घुसळलेलं दही चालतं. जेवल्यावर आवाज ओलसर, घोगरा येत असेल किंवा मधूनच ताप येत असेल तर अन्न फुप्फुसात जात असू शकतं. मग अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

चौकट: कवचबीज चूर्ण द्या. मज्जातंतूंना उत्तम, पूर्णपणे नैसर्गिक.

पैलतीर: कृपया देऊ नका! कवचबीज म्हणजे खाजकुइलीचं बी, त्यात लेव्होडोपा असतं, त्यापासून मेंदूत डोपामिन हे रसायन बनतं. पार्किन्सनमध्ये डोपामिन कमी पडतं म्हणून ते देतात. इथे उलट, डोपामिन कमी करायला टेट्राबेनाझिन देतात. लेव्होडोपाने हालचाली वाढू शकतात.

चौकट: माझा मुद्दा ताकदीचा होता. मग तूप तरी वाढवा.

कडेकपारी: तूप जरूर. एका चमच्यात साधारण ४५ कॅलरी जातात. या आजारात कॅलरीची गरज खूप वाढते, काहींची दिवसाला ४०००पर्यंत जाते. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान ठेवा. बारीक वाटलेला दाण्याचा कूट, साय, केळं कुस्करून त्यात मिसळा.

रानजाई: टेट्राबेनाझिन २५ मिग्रॅ, दिवसातून तीनदा, बरेच महिने चालू आहे. त्यात काही बदललेलं नाही. मन उदास असतं म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी फ्लुओक्झेटिन २० दिलंय, पण ते मनासाठी आहे, त्याचा इथे संबंध नाही.

पैलतीर: संबंध आहे, आणि मोठा आहे. टेट्राबेनाझिनचा शरीरात निचरा होण्यासाठी सीवायपी२डी६ हे विकर लागतं. फ्लुओक्झेटिन तेच अडवतं. गोळी तेवढीच राहते, पण रक्तातला परिणाम वाढतो. असं औषध जोडताना टेट्राबेनाझिनचा डोस निम्मा करायला सांगतात आणि दिवसाची मर्यादा ५० मिग्रॅ धरतात. तुमचा डोस ७५ आहे. मंदपणा, ताठरपणा, गिळण्याचा त्रास हे सगळं यातून वाढू शकतं. दोन्हींपैकी काहीही मनाने बंद करू नका, पण उद्याच न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत फोन करून हे दोन डोस वाचून दाखवा. टेट्राबेनाझिन स्वतःही उदासी वाढवू शकतं. मरणाचं बोलत असतील तर तेही त्याच फोनवर सांगा.

शिवारवाट: तुमची आणि भावंडांची चाचणी झाली का? प्रत्येक अपत्याला ५० टक्के शक्यता असते. सगळ्यांची उरकून टाका.

कडेकपारी: हे कोणी विचारलेलं नाही, आणि 'उरकून' टाकण्यासारखं तर अजिबात नाही. लक्षणं नसलेल्या १८ वर्षांखालच्या मुलांची चाचणी करत नाहीत. मोठ्यांनी आधी जनुकीय समुपदेशन घ्यावं. जाणून घ्यायचं नाही असं ठरवण्याचा हक्कही प्रत्येकाला आहे.

शिवारवाट: ठीक. मग एक कामाचं: ३१ मार्च २०२६पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात, उपचारखर्चाच्या वजावटीच्या ८०-डीडीबी कलमात हा आजार 'कोरिया' (आपोआप होणाऱ्या हालचाली) या नावाने होता. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त लागायचं, न्यूरॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागायचं. साठीखालच्या रुग्णासाठी कमाल ४०,००० रुपये वजावट होती, फक्त जुन्या करप्रणालीत.

रानजाई: फोन केला. गुरुवारी सगळ्या गोळ्या घेऊन बोलावलंय. अजून काय नेऊ?

पैलतीर: दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, प्रत्येक गोळी सुरू झाल्याची तारीख, मागच्या महिन्याचं आणि आजचं वजन. जेवताना आणि चालताना एकेक मिनिटाचा व्हिडिओ, कारण ओपीडीत माणूस सावरून बसतो. सांगितलेल्या दिवसाआधी ताप आला किंवा श्वास लागला तर थेट कॅज्युअल्टीत न्या.

कडेकपारी: आणि स्पीच थेरपीची चिठ्ठी तिथूनच मागून घ्या.