ताट साफ केल्याशिवाय उठायचं नाही म्हणे!

तऱ्हेवाईक_आई:
'आजकालच्या आयांना भरवता येत नाही' हा लेख एव्हाना सगळ्यांच्या फोनवर येऊन गेला असेल. आला नसेल त्यांच्यासाठी सार: वाढलेलं ताट साफ केल्याशिवाय मुलाला उठू द्यायचं नाही, रडलं तर ढुंकून बघायचं नाही आणि सगळं संपवलं तर चॉकलेट द्यायचं. खाली शंभरेक अंगठे आणि 'अगदी खरंय'. मला मात्र वाचून इतका संताप आला की शेवटी इथे लिहायला बसले.

ताटात किती वाढायचं ते ठरवणार आपण, पोट मुलाचं, आणि उरलं की हट्टी कोण? मूल! पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. म्हणजे भूक कमी होणारच. नेमकं तेव्हाच आपल्याकडे 'आधी कसं छान खायचा' सुरू होतं आणि मग घरभर वाटी घेऊन धावाधाव. दीड वर्षाचं मूल ओठ घट्ट मिटतं, मान फिरवतं, चमचा हाताने ढकलतं. आणखी कसं सांगायचं त्याने? तरीही घास कोंबला की तो गालात धरून बसतं. पाच मिनिटांनी सगळा वरणभात तुमच्या खांद्यावर.

काय, कधी, कुठे ते आपण ठरवावं. किती आणि खायचं की नाही ते मुलाने. क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी शंभर वर्षांपूर्वी १५ बाळांपुढे रोज साधे पदार्थ मांडले आणि काय किती खायचं ते त्यांच्यावर सोडलं. बाळाने बोट दाखवल्याशिवाय नर्सने चमचाही उचलायचा नाही. मुलं छान वाढली.

आणि जेवताना धपाटा खाल्लेलं मूल जेवायला शिकत नाही, आईच्या पावलांचा अंदाज घ्यायला शिकतं.

काका_नाशिककर:
लेख पुढे ढकलणाऱ्यांत मीही आहे, तेव्हा उत्तर देणं भाग आहे. आम्ही पाच भावंडं. आईने परातीत भात कालवला की जो मागे राहिला तो उपाशी. 'काय खाणार माझं पिल्लू?' असं कुणी विचारलं नाही. कारलं, शेपू, दुधी, सगळं खाल्लं. आज सत्तरीत शुगर नाही, बीपी नाही. आता तुम्ही अमेरिकेची बाई काढलीत. ठीक आहे. पण त्या बाळांपुढे वेफर्स आणि क्रीमची बिस्किटं ठेवली होती का हो?

तऱ्हेवाईक_आई:
नव्हती. साखर नाही, डबाबंद काही नाही. दूध, फळं, भाज्या, धान्य, अंडी, मांस एवढंच. त्या स्वतःच म्हणाल्या होत्या की खरी गोम यादीत आहे. मीही तेच म्हणतेय ना, 'काय' ते आपण ठरवायचं! तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय, काका.

आणि तुमच्या परातीत 'ताट साफ कर' कुठे होतं? ज्याला जेवढं मिळेल तेवढं. तुमच्यावर तरी कुणी बळजबरी केली होती?

काका_नाशिककर:
शब्द फिरवू नका. अन्न टाकायचं नाही हा संस्कार आहे, बळजबरी नव्हे.

दमलेली_दुपार:
काका, परात कालवायला आई घरी होती. मी सकाळी साडेआठला मुलीला पाळणाघरात सोडते, संध्याकाळी सातला घरी येते. तेव्हा ती चिडलेली, मी चिडलेली. कार्टून लावलं की वीस मिनिटांत वाटी रिकामी. हो, मी मोबाईल दाखवते. लिहा आता 'आळशी आई'.

आणि लेखाच्या नावातच 'आयांना' का? बाप काय करतात त्या वीस मिनिटांत? आमच्याकडे बाप विचारतो, 'जेवली का ती?' संपलं योगदान.

वाकडं_शेपूट:
झालं, बापांवर घसरलात! मी रोज रात्री मुलाला भरवतो. त्यावर सासूबाईंचं कौतुक असं की, 'जावईबापूंना करावं लागतं बिचाऱ्यांना.' केलं तरी बिचारे, नाही केलं तरी नालायक.

मोबाईलबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. त्यातही मूल बघत असतं कार्टून आणि तोंड आपोआप उघडत असतं. पोट भरल्याचं त्याला कळणार कधी?

दमलेली_दुपार:
आभारी आहे. हे मला माहीतच नव्हतं! आता ती संघटना रोज सात वाजता कुणाला पाठवणार आहे माझ्याकडे, तेही सांगा.

लालपिवळीपट्टी:
मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका आहे, डोंगरपट्ट्यात. वाचून हसू येतंय, रागही येतोय. तुमची मुलं 'किती' ते ठरवणार. आमच्याकडे 'काय' हाच प्रश्न आहे. दंडाला पट्टी लावते, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेली की लाल, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. मागच्या आठवड्यात एका पोराला लावली तर पट्टी गोल फिरून लालच्याही आत. आई म्हणाली, 'खातो की, सकाळी चहा-चपाती.' चहा! दोन वर्षांच्या पोराला. भूक तिथेच मरते, वर जेवणातलं लोहही नीट अंगी लागत नाही. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची आहेत, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत. त्यात शहरातली मुलं नाहीत असं समजू नका. तिथे चहाच्या जागी दुधाची बाटली, दिवसभर.

आणि शाळेत आठवड्याला एक अंडं मिळत होतं, तेही सरकारला जड झालं.

शुद्ध_तूप:
अंडं आलंच! विषय मुलांच्या जेवणाचा आणि शेवट अंड्यावर. शाकाहारी घरातल्या मुलाला शाळेत अंडं का दिसावं? माझ्या मुलाच्या ताटात काय पडावं ते मी ठरवणार. वर ताईंनीच सांगितलंय ना, 'काय' ते पालकांनी ठरवायचं?

खडूफळा:
जिल्हा परिषदेत शिक्षक आहे, म्हणून माहिती देतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं सुरू झालं आणि न खाणाऱ्यांना केळं होतं. केळं! तुमच्या मुलाला कुणी अंडं चारत नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा वेगळा पैसा बंद झाला, हवं तर लोकसहभागातून करा म्हणाले. एका अंड्याला पाच रुपये मिळायचे. अंड्याच्या दिवशी वर्ग भरलेला असायचा. एक पोरगी सोललेलं अंडं आधी ताटाच्या कडेला ठेवायची, भात संपवायची आणि मग पांढरं कुरतडत कुरतडत पिवळ्यापर्यंत यायची. तिच्या ताटाला कुणी 'साफ कर' म्हटलं नाही कधी.

शुद्ध_तूप:
भावनिक करू नका. प्रथिनं डाळीतही असतात. आणि अंड्याने रक्तक्षय जातो हे कुणी सांगितलं?

लालपिवळीपट्टी:
मी तसं म्हटलेलंच नाही. अंड्यातलं लोह अंगी फारसं लागत नाही, तेवढं कळतं मला. लोहासाठी मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळा, हे मी दर बैठकीत सांगते. पण अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, त्यात भेसळ करता येत नाही आणि ते पातळ करता येत नाही. डाळीत किती पाणी घातलंय ते मी उघड्या डोळ्यांनी बघते. तुम्ही बघितलंय?

शुद्ध_तूप:
म्हणजे भ्रष्टाचार यंत्रणेचा आणि शिक्षा आमच्या श्रद्धेला. वा!

वाकडं_शेपूट:
शिक्षा? शेजारच्या पोराने अंडं खाल्लं ही तुमच्या श्रद्धेला शिक्षा? ताटावर अधिकार मुलाचा की आईचा यावर आपण इथे भांडतोय, आणि तुम्हाला शेजाऱ्याच्या ताटावरही हवाय.

शुद्ध_तूप:
भाषा सांभाळा. तुमच्यासारख्यांमुळेच माणसं बोलायचं सोडतात.

काका_नाशिककर:
अहो, धागा कशाचा होता? मी स्वतः शाकाहारी. पण एक सांगतो. आमच्या परातीत डाळ पातळ असायची महिनाअखेरीला, हे मघाशी लिहायचं राहिलं. धाकटा भाऊ कायम किरकोळच राहिला. सर्वांत मागे तोच असायचा. असो.

चॉकलेटचं कलम काढून टाकलं तर चालेल, एवढं मान्य. ताटाचं नाही.

तऱ्हेवाईक_आई:
काढावंच लागेल. लिआन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८४ मध्येच दाखवलंय की बक्षिसाच्या आशेने खायला-प्यायला लावलेला पदार्थ मुलांना उलट कमी आवडायला लागतो. चॉकलेटसाठी दुधी गिळणाऱ्याला दुधी आवडेल कसा? आणि ताटाबद्दल, कमी वाढा ना! लागलं तर परत मागेल. अन्नही वाया जाणार नाही, संस्कारही शाबूत.

काका_नाशिककर:
कमी वाढायचं हे आधीच लिहिलं असतंत तर एवढं भांडावं लागलं नसतं.

दमलेली_दुपार:
तुमचं मिटलं, छान. माझ्या सात वाजताचं काय? कुणीतरी काहीतरी सांगा जे माझ्या घरात करता येईल.

लालपिवळीपट्टी:
पाळणाघरात पाच वाजता काय देतात ते विचारा. बिस्किटं देत असतील तर साताला ती जेवणार कशी? ती बंद करून केळं किंवा गूळ-शेंगदाण्याचा कूट पोळीत गुंडाळून द्या. आल्यावर तिला आधी मांडीवर घ्या, वाटी नंतर. पहिले चार दिवस रडेल. नवऱ्याला घरी थांबवा त्या चार दिवसांत.

दमलेली_दुपार:
पाच वाजता दूध आणि चार बिस्किटं. फी भरताना मीच पुडे देते. शेवटची अट सगळ्यात अवघड आहे.

शुद्ध_तूप:
खडूफळा, तुमच्या शाळेसाठी लोकसहभागाचे पैसे कुठे पाठवायचे ते व्यक्तिगत निरोपात कळवा. केळ्यांचेच पाठवीन, आधीच सांगतो.

खडूफळा:
केळ्यांचे पाठवा. पावतीवर 'केळी' लिहून देतो, काळजी नसावी. अंड्यांचं आम्ही बघतो.