ज्याला मी दिसतच नाही, त्याच्याशी कसली शर्यत?

सातपूरचा_फिटर:

मंडळी, गेल्या रविवारी भाच्याला गाठायला नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका गेमिंग कॅफेत गेलो. गडी बकेट सीटमध्ये रुतून बसलेला, हातात स्टिअरिंग, पायाखाली तीन पेडल, समोर तीन स्क्रीन. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मामा, दोनच लॅप राहिल्यात." त्या दोन लॅपमध्ये माझ्या चहावर साय आली.

नंतर मिसळ खाताना त्याने जे सांगितलं त्यावर हा धागा. खऱ्या ट्रॅकवर खरी शर्यत चालू असते. प्रत्येक गाडीवर जीपीएस. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, हे क्षणाक्षणाला गेमकडे जातं. गेममध्ये त्याच गाड्या त्याच वेळी त्याच ट्रॅकवर पळतात आणि त्यांच्यात एक गाडी तुमची. म्हणजे ड्रायव्हर तिकडे, तुम्ही सिडकोत, आणि शर्यत एकच. कल्पना काही आजची नाही, पंधरा वर्षांहून जास्त काळ अधूनमधून कोणीतरी ती मांडतं. पण भाचा म्हणतो, आता नेट आणि मशीन दोन्ही तयार आहेत, हे घरोघरी येणारच. "मामा, खऱ्या ड्रायव्हरशी भिडायचं!"

मी म्हणतो, कसलं भिडायचं? त्याला तू दिसत तरी आहेस का?

नाशिकला गाड्यांच्या राष्ट्रीय रॅलीची फेरी व्हायची तेव्हा दोन वर्षं मी एका खासगी टीमच्या सर्व्हिसला होतो. जॅक, पाने, शॉकअब, हेच माझं शिक्षण. त्यामुळे ट्रॅकवरचं मी फार बोलू नये, पण ओव्हरटेक म्हणजे काय हे पेठ रोडच्या घाटात गाडी चालवणाऱ्या कुणालाही कळतं. मागचा हॉर्न देतो, पुढचा आरशात बघतो, मग साईड देतो नाहीतर दाबतो. दोघांचा व्यवहार आहे तो. या गेममध्ये मी त्याच्या बाजूला नाक घातलं तरी तो आपल्याच लाईनने निघून जाणार. मला साईड देणार नाही आणि दाबणारही नाही. आणि मी त्याला धडकलो तर? एक तर मी त्याच्यातून भुतासारखा आरपार जाणार, नाहीतर गेम त्याची गाडी थोडा वेळ स्वतः चालवणार. म्हणजे जिथे खरी मजा, नेमका तिथेच खरा ड्रायव्हर गायब.

तुमचं काय मत?

---

कॉलेजरोड_एपेक्स:

काका, भाचा मी नाही, पण त्याच कॅफेतला असू शकतो. :)

तुम्ही गेमला गेम म्हणून उडवताय. मॅक्स वेरस्टॅपन फॉर्म्युला वनचा चार वेळचा जगज्जेता आहे आणि तो टीम रेडलाइनकडून सिमवर, म्हणजे खऱ्या गाडीसारख्या चालणाऱ्या गेमवर, शर्यती खेळला आहे. आयरेसिंग हा ऑनलाइन शर्यतींचा सिम २००८ पासून आहे. त्यावर खरे ड्रायव्हर येतात, नेहमीचे लोकही येतात, आणि तिथे सगळे एकमेकांना दिसतात. आरसा आहे, साईड आहे, दाबणंही आहे. जीपीएसवालं सोडा, हे तर खरंच "लाइव्ह" आहे ना?

आणि गेममधून खरे ड्रायव्हर निघाले आहेत. गेम खेळणाऱ्यांतून ड्रायव्हर निवडायची निसान आणि प्लेस्टेशनची जीटी अकॅडमी होती. २००८ ला लुकास ओर्दोन्येझ जिंकला, २०११ ला यान मार्डनबरो. हाच मार्डनबरो २०१३ ला फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत एलएमपी२ या दुसऱ्या दर्जाच्या गाड्यांच्या गटात तिसरा आला. घरातल्या स्टिअरिंगपासून दोन वर्षांत.

नाशिकच्या पोराने ट्रॅकवर जायचं म्हटलं तर जायचं कुठे? चेन्नई, कोइम्बतूर, नोएडा. कुठेही जा, हजार किलोमीटरच्या पुढेच. टायर, पेट्रोल, लायसन्स, राहणं, खाणं. वडील काय म्हणतील ते इथे लिहिता येणार नाही. त्यापेक्षा तासाचे पैसे देऊन खऱ्या ड्रायव्हरच्या शेजारून जायला मिळत असेल तर तो मला बघतो की नाही याने मला काय फरक पडतो?

---

सातपूरचा_फिटर:

एपेक्स, आयरेसिंगचं मान्य. समोरचाही खुर्चीत, मीही खुर्चीत, हिशोब सरळ आहे. माझं भांडण एक जण खऱ्या गाडीत आणि एक खुर्चीत याच्याशी आहे. त्याची मान ताशी अडीचशेच्या वळणात एका बाजूला ओढली जातेय, माझ्या मानेखाली उशी.

मार्डनबरोचं नाव घेतलंस म्हणून सांगतो. मार्च २०१५ ला जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर त्याची गाडी एका उंचवट्यावर हवेत उडाली, कुंपणापलीकडे गेली आणि एक प्रेक्षक गेला. त्याची चूक होती असं मी म्हणत नाही. पण ही गोष्ट माहीत असलेला ड्रायव्हर आणि रीसेटचं बटण असलेला मी, आम्ही एकाच वळणाला एकाच वेळी ब्रेक मारू का? मी नेहमीच उशिरा मारणार. मला गमवायचंय काय, तासाचे पैसे!

---

नेटवर्क_नारायण:

थोडं गणित. ताशी २५० म्हणजे सेकंदाला जवळपास ७० मीटर. डेटा पोचायला पाव सेकंद लागला तर गाडी तुम्हाला दिसते तिथून १७ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे जवळपास चार गाड्यांची लांबी. त्यात साधा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतो. दोन मीटर रुंदीची गाडी, ती ट्रॅकवर आहे की गवतात हेसुद्धा सांगता येणार नाही. दुरुस्तीचा सिग्नल घेणारे महागडे जीपीएस सेंटिमीटरपर्यंत येतात, पण ते प्रत्येक गाडीवर लावायचे, वर नेट अखंड हवं. आमच्या अंबडला शनिवारी लाईट जाते तेव्हा वायफायही बसतं, शर्यत कुठली घेऊन बसलात.

आणि मोठ्यांकडे तरी काय वेगळं? जानेवारी २०२३ च्या आभासी ल मां शर्यतीत हाच वेरस्टॅपन पुढे असताना सर्व्हरने त्याला बाहेर फेकलं. जाम भडकला होता.

---

पाथर्डी_फाटा_पायथन:

नारायणदादा, गणित बरोबर आहे पण ते इथे लागूच होत नाही. फिटरकाकांचाच मुद्दा घ्या: ड्रायव्हरला आपण दिसत नाही. म्हणजे डेटा एकाच दिशेने येतो, तिकडे काही पाठवायचंच नाही. मग घाई कसली? सगळं दहा सेकंद थांबवून ठेवा, जीपीएसच्या उड्या गुळगुळीत करा, मग दाखवा. खेळणाऱ्याला गाड्या अगदी जागच्या जागी दिसतील. अडचण दोघांनी एकमेकांना उत्तर द्यायचं असेल तेव्हाच येते. एकतर्फी आहे म्हणूनच हे जमण्यासारखं आहे.

---

सातपूरचा_फिटर:

वा भो, माझ्याच पान्याने माझाच नट ढिला केलास.

पण मग दहा सेकंद थांबवता येतं तर दहा तास का नको? रेकॉर्डिंग ठेव, उद्या सकाळी चहा पिताना खेळ. फरक काय पडला? "लाइव्ह" ही नुसती पाटीच झाली ना?

---

गंगापूररोडकर:

पाटीच आहे हो. तिकीट विकायची पाटी. चालू द्या.

---

पाथर्डी_फाटा_पायथन:

काका, फरक पडतो. भारत-पाकिस्तान मॅच तुम्ही उद्या सकाळी चहा पिताना बघाल का, निकाल कळलेला असताना? तिकडे पाऊस येईल, कोणाचं टायर फुटेल, सगळ्यांना हळू करायला सेफ्टी कार येईल, तुम्हालाही माहीत नाही आणि त्यालाही नाही. ते न माहीत असणं सारखं आहे, तेवढ्यापुरते तुम्ही दोघं एकाच शर्यतीत आहात.

---

इंदिरानगर_सई:

मी गेम खेळत नाही, माझा पंधरा वर्षांचा मुलगा खेळतो, त्यामुळे या धाग्यावर मीच त्याची प्रायोजक. दोन गोष्टी.

एक, फिटरभाऊ म्हणतात की गमवायचं काही नसतं. हे पूर्ण खरं नाही. लॉकडाऊनच्या काळात खऱ्या शर्यतींच्या मालिकांनी ड्रायव्हरांना घरी सिमवर बसवलं होतं, ते मुलानेच मला सांगितलं. मे २०२० मध्ये फॉर्म्युला ई या विजेच्या गाड्यांच्या मालिकेतल्या डॅनियल आब्ट याने स्वतःच्या जागी दुसऱ्याच एका गेमरला बसवलं. पकडला गेला, दहा हजार युरो दान म्हणून भरायला लावले आणि त्याच्या टीमने, आउडीने, त्याला काढलं. त्याआधी एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या नॅसकार मालिकेचा बब्बा वॉलेस आभासी शर्यतीत चिडून मध्येच उठून गेला, तर त्याचा एक प्रायोजक गेला. खुर्चीत बसून दोघांचं खरंखुरं नुकसान झालं.

दुसरी गोष्ट मात्र फिटरभाऊंच्या बाजूची. समोर खरा माणूस आहे की नाही हे खेळणाऱ्याला कसं कळणार? आब्टच्या वेळी बाकीच्या ड्रायव्हरांनी शंका घेतली, कारण ते त्याला ओळखत होते. माझ्या मुलाला कोण सांगणार? तो पडद्यावर लिहिलेलं नाव वाचून खूश. मी पैसे देणार असेन तर मला जीपीएसवालीच गाडी हवी. ती निदान खरी कुठेतरी पळतेय, हजारो लोक ती बघतायत. तिथे फसवायला जागा कमी.

---

कॉलेजरोड_एपेक्स:

सईताई, शंभर टक्के!! (म्हणजे दुसऱ्या मुद्द्याला. पहिला काकांना द्या.)

---

निफाडचा_बागायतदार:

उशिरा आलो, छाटणी चालू आहे.

फिटरराव, तुमचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा आहे: समोरच्याला मी दिसलो नाही तर ती शर्यत नाही. माझं आजोळ पुणे जिल्ह्यातल्या खेडकडचं. तिकडे बैलगाडा घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एका वेळी एकच गाडा सुटतो. एक बारी, घड्याळ लावलेलं, सेकंदाच्या हिशोबात निकाल. पुढच्या बारीतल्या बैलांना मागची बैलं दिसत नाहीत, त्यांना साईड द्यायची नसते की दाबायचं नसतं. साताऱ्या-सांगलीकडे बऱ्याच गाड्या एकदम सुटतात, ती वेगळी तऱ्हा. पण खेडच्या घाटातली शर्यत नाही असं तिथे जाऊन म्हणून बघा, आणि मग परत सातपूरला पोचलात तर फोन करा. २०१४ च्या बंदीनंतर लोक कोर्टात भांडले, डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला. एवढं सगळं काय नुसत्या घड्याळासाठी?

आणि तुम्ही तर रॅलीतले! रॅलीत तरी गाड्या कुठे एकमेकींना दिसतात? माझ्या शेताच्या बांधावर उभं राहून मी बघितली आहे एकदा. एक गाडी गेली की धुरळा, तो खाली बसला की दुसरी.

---

सातपूरचा_फिटर:

बागायतदार, रात्रभर विचार केला, खोटं सांगत नाही.

धुरळ्याचं बरोबर आहे. मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने गाड्या सोडतात त्याला तेही एक कारण. को-ड्रायव्हर टाइम कार्ड पुढे करतो, मार्शल वेळ टाकतो, पाच बोटं, चार, तीन, आणि गाडी सुटते. पूर्ण स्टेजमध्ये, म्हणजे घड्याळ लावलेल्या रस्त्याच्या तुकड्यात, दुसरी गाडी दिसली तर समजायचं कोणाचं तरी बिघडलंय. मी सर्व्हिसला होतो तेव्हा आमच्या ड्रायव्हरने परत आल्यावर पहिलं विचारलेलं आठवतं, "त्याचा टाइम काय?" तो कसा चालवत होता हे नाही विचारलं. टाइम. आणि मी तरी बॉनेट उघडायच्या आधी कागदच बघितला होता.

तेव्हा रॅलीपुरतं मी मागे घेतो. खरी गाडी स्टेजवर आहे, तिचे तुकड्या-तुकड्याचे टाइम येतायत, आणि मी कॅफेत त्याच स्टेजवर, तसल्याच गाडीत: याला मी शर्यत म्हणेन. तिथे दिसण्याचा प्रश्नच नाही. उलट हे नाशिकच्या स्टेजचं कोणी केलं तर पहिलं नाव माझं लिहा. फक्त तो रस्ता गेममध्ये खरा पाहिजे. पहिल्या गाडीनंतर निघालेले दगड दहाव्या गाडीच्या वाट्याला येतात. ते मला दिसले नाहीत तर मी पुन्हा इथे येऊन भांडणार.

ट्रॅकचं मात्र मागे घेत नाही. तिथे वीस गाड्या एकमेकींच्या अंगावर असतात आणि मी त्यांच्यातला एकविसावा, कोणाच्याही खिजगणतीत नसलेला. लग्नाच्या वरातीत घुसून नाचणारा पाहुणा. नाचतो जोरात, पण नवरा-नवरी दोघांनाही माहीत नाही हा कोण.

---

नेटवर्क_नारायण:

वरातीत तोच सगळ्यात जास्त मजा करतो काका.

---

कॉलेजरोड_एपेक्स:

काका, बोलून काय होणार, रविवारी या. कॅफेत रॅलीचा गेम आहे, एका स्टेजवर माझा टाइम लावून ठेवतो. माझी गाडी तुम्हाला भूत म्हणून दिसेल. मी तुम्हाला बघणार नाही, वचन.

---

सातपूरचा_फिटर:

(रविवार, रात्री)

गेलो. भाचाही होता, एपेक्स वेगळाच निघाला, पंचवटीचा आहे, पोरगा चांगला आहे. पेडल फार हलके, ब्रेकला पाय लावला की चाकं लॉक. पहिल्या धावेत तिसऱ्या वळणाला गाडी रस्त्याबाहेर. दुसऱ्यांदा पोचलो, एक मिनिट चाळीस सेकंद मागे. त्याचं भूत पहिल्या दहा सेकंदांतच दिसेनासं झालं, त्यानंतर मी आणि रस्ता.

पैसे मामाने भरले, हे सांगायला नको.

---

निफाडचा_बागायतदार:

आरशात बघितलं का?

---

सातपूरचा_फिटर:

तीनदा. सवय आहे हो, जात नाही.