सुती तेवढं सात्त्विक, बाकीचं प्लास्टिक?

तिरसट काका
'पॉलिएस्टर म्हणजे अंगावर घातलेली प्लास्टिकची पिशवी' या कालच्या चर्चेच्या धाग्यावर दोन ओळी खरडायला बसलो, त्याचं रामायण झालं, म्हणून हा वेगळा धागा. बाईंचं म्हणणं असं की, कृत्रिम कपडे घरातून हद्दपार करा, सुती-रेशमी-लोकरीच वापरा. आज्या-पणज्या तेच वापरायच्या म्हणून ठणठणीत होत्या.

पणजीकडे लुगडी होती दोन. एक अंगावर, एक दोरीवर. कोकणातल्या पावसात दोरीवरचं वाळायचं नाही, मग तेच दमट नेसायचं. गजकर्ण घरोघरी.

वडील गिरणीत बदली कामगार. साठच्या दशकात इथे टेरीन, म्हणजे पॉलिएस्टरच, निघायला लागलं आणि टेरिकॉट आलं. ६७ टक्के पॉलिएस्टर, ३३ टक्के सूत. रात्री पिळून खिळ्याला लावली की सकाळी पँट तयार, इस्त्रीचे पैसे वाचले. थोरल्याची पँट आखूड करून धाकट्याला यायची तेव्हाही कापड शाबूत. 'नैसर्गिक' हा ज्यांच्याकडे धोबी येतो त्यांचा शौक आहे. आणि एका सुती टीशर्टमागे २७०० लिटर पाणी जातं हा जगभर फिरणारा आकडा नेमका त्या धाग्यात नव्हता!

चाफेकळी
त्या 'बाई' मीच. शीर्षकाच्या खालीही मजकूर होता, काका. मुद्दा घामाचा होता. सूत वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. मे महिन्यात विरार लोकलमध्ये तो घाम जातो कुठे? पाठीवरून थेट कमरेत.

लेकीच्या शाळेचा गणवेश शंभर टक्के पॉलिएस्टर, तोही ठरवून दिलेल्या दुकानातूनच घ्यायचा. मानेवर, काखेत नुसतं घामोळं. डॉक्टरांनी सुती घाला म्हणून चिठ्ठी दिली तर शाळा म्हणते, रंगाची छटा जुळत नाही! शिवाय प्रत्येक धुण्यात सुटणारे तंतू खाडीत जातात आणि कुजत नाहीत, त्याचं काय?

मागावरचा
इचलकरंजीत जन्म गेला, म्हणून बोलतो. पॉलिएस्टर म्हणजे काय एकच असतं का? खेळाडूंचे टीशर्ट पॉलिएस्टरचेच. धाग्याचा छेद आणि वीण अशी ठेवतात की घाम पसरतो आणि वाळतो. आणि जाड सुती जीन्स भर उन्हात घालून बघा की एकदा.

आता रेयॉन कुठं बसवणार? मूळ लाकडाचा लगदा, म्हणजे नैसर्गिक. पण तो कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड या रसायनांमधून काढल्याशिवाय धागा होत नाही. 'बांबूचे मोजे' म्हणून महाग विकतात तेही बहुतेक हेच. ताई, तुमच्या फोटोतली कुर्ती मला रेयॉनच वाटते.

चाफेकळी
मंगलगिरी कॉटन आहे. चष्म्याचा नंबर तपासा.

खडीसाखर
कापड ओळखण्यावरून आठवलं. साखरपुड्याला सासरहून 'प्युअर, येवल्याची' म्हणून पैठणी आली. काठ जरा जास्तच चकाकत होता. शेवटी पदराच्या गोंड्यातला एक धागा ओढून काडी लावली. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटांत चुरते. माझ्या धाग्याचा काळा, टणक मणी झाला. नखानेही फुटेना. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

मागावरचा
जाळायची गरजच नव्हती. पदर उलटा करायचा. हातमागाच्या पैठणीतला मोर मागूनही मोरच दिसतो. यंत्रमागाच्या 'सेमी', म्हणजे स्वस्तातल्या पैठणीत मागं सुटे नाहीतर कापलेले धागे. आणि सेमी म्हणून विकली तर त्यात फसवणूक कसली? हातानं महिनोन्महिने विणलेली दोन हजारांत कोण देईल?

तिरसट काका
धागा पैठणीचा नाही.

खडीसाखर
काका, पैठणी हे कापडच असतं. आणि दोन हजार नाही हो, बिल अठरा हजारांचं होतं!

रोखठोक
रेशमासाठी कोष आतल्या किड्यासकट उकळतात. ते सोवळं. पॉलिएस्टरसाठी किडा मरत नाही, ते ओवळं. वा रे शास्त्र.

खडीसाखर
सोवळ्यावर घसरायचं कारण? नाहीतरी आता बाजारात तयार शिवलेलं सोवळं मिळतं ते पॉलिएस्टरचंच. गेल्या गणपतीत कापूर लावताना दिरांच्या उपरण्याने पेट घेतला आणि ते वितळून मनगटाला चिकटलं. सोलून काढावं लागलं. सुती असतं तर हे झालं नसतं.

मागावरचा
सुती असतं तर चिकटलं नसतं, पण भडकलं असतं. सूत पटकन पेटतं. त्यातल्या त्यात लोकर आणि रेशीम बरं.

वऱ्हाडी ठेचा
झाली का पैठणी? आता आमचंबी ऐका. घर यवतमाळ जिल्ह्यात, कापूस पिकवतो.

काका, ते २७०० लिटर तुमच्यापाशीच ठेवा. विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहू. आम्हाले प्यायले पाणी नाही, कापसाले कुठून आणू? वरून पडलं तर पिकते, नाही तर कर्ज.

अन् ताई, तुमचं ते 'नैसर्गिक'. २००२ मध्ये बीटी, म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेलं बियाणं आलं, बोंडअळी संपली म्हणाले. २०१७ मध्ये गुलाबी अळी बोकांडी बसली, अन् त्याच हंगामात फवारता फवारता आमच्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर विषबाधेनं मेले. पाठीवर पंप, तोंडाले रुमाल, बस. तुमच्या सात्त्विक कुर्तीत हेबी आहे.

२०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याले क्विंटलमागं ८११० रुपये. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी वापस. शहरात सूत ओलं धरते म्हणून कौतुक, आमच्याकडं त्याच ओलाव्यापायी व्यापाऱ्याले पडेल भावात द्या. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्कच डिसेंबरपर्यंत माफ केलं. झेंडासुद्धा पॉलिएस्टरचा चालते, २०२१ च्या डिसेंबरात नियम बदलला. नांदेडात खादीचे झेंडे बनवणाऱ्यानं काय करावं?

तिरसट काका
म्हणजे सुती घालू नका असंच ना? माझंच म्हणणं.

वऱ्हाडी ठेचा
काहून माझ्या तोंडी घालता बाप्पा? घाला. दोन पैसे जास्त देऊन घाला. सेलमध्ये दोनवर एक फुकट घेऊन पर्यावरणावर भाषण नका देऊ.

चाफेकळी
हे मला उद्देशून असेल तर मी सेलमध्ये घेत नाही. फवारणीचं मान्य. पण म्हणून तेलापासून काढलेला धागा पवित्र होत नाही.

मागावरचा
ताई, भांडण राहू द्या, गणवेशाचं बघा. शाळेला सांगा पीसी कापड चालेल का, पॉलिएस्टर-कॉटन. शेडकार्डावर तो रंग हमखास मिळतो. छटा जुळत नाही ही दुकानदाराची थाप.

चाफेकळी
म्हणजे काकांचं टेरिकॉट. पालकसभेत विचारते. काका, उड्या मारू नका.

तिरसट काका
मारणार. खिळ्याला लटकवा, इस्त्री लागणार नाही.

खडीसाखर
येवल्यात खात्रीचं दुकान कुणी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करेल का? पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न आहे, आणि या खेपेला साडी घ्यायला मी स्वतः जाणार आहे.